१४० किलो, पण कुठपर्यंत?

वडोदऱ्यातल्या मांजलपूरच्या तेवीस वर्षांच्या एका मुलाने व्हिडिओसकट विचारलंय: वजन ७४ किलो, पाच महिने स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठणं) १४० वर अडकलाय, दिवाळीनंतर पहिली जिल्हा पॉवरलिफ्टिंग स्पर्धा आहे, क्लासिक गटात. खिशात पंचवीस हजार आहेत. नी रॅप्स (गुडघ्याला गुंडाळायच्या पट्ट्या), बेल्ट, टाचेचे बूट आणि स्क्वॉट सूट यांपैकी आधी काय घ्यावं, आणि तीन महिन्यांत १४० चे १६० कसे करावेत?

तुला 'तू' म्हणतो, माझ्या पुतण्याच्या वयाचा आहेस. शिवाय जे सांगणार आहे ते 'तुम्ही' म्हणून सांगणं जड जाईल.

व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. बार उचललास, मागे आलास, खाली गेलास आणि वर आलास. ताकद आहे, प्रश्नच नाही. पण खाली म्हणजे कुठपर्यंत? तुझ्या खुब्याची घडी गुडघ्याच्या वरच्या पातळीपासून चांगली चार बोटं वर असतानाच तू परत फिरलास. नियम असा आहे की खुब्याच्या सांध्यापाशी मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली गेला पाहिजे. बरोबरीत आला तरी चालत नाही, खालीच जायला हवा. आयपीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांत नापास लिफ्टचं कारण पंच रंगीत कार्डाने दाखवतात, आणि स्क्वॉटमध्ये लाल कार्ड म्हणजे खोली कमी पडली. त्या १४० ला तुला तीन लाल कार्डं मिळाली असती.

दोष तुझा एकट्याचा नाही. आपल्या जिममध्ये घाम पुसायच्या आधी पहिला प्रश्न येतो, "केटलुं मार्युं?" किती मारलं ते सगळे विचारतात. कुठपर्यंत गेलास हे कोणी विचारत नाही. सयाजीबागेतल्या संग्रहालयात गामा पैलवानाच्या नावाने ठेवलेला दगड आहे ना, १९०२ साली त्याने उचलला, १२०० किलोचा आहे असं सांगतात तो? मी लहानपणी तिथे उभं राहून वडिलांना विचारलं होतं, "पण किती वर उचलला?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढे विचारायची हिंमत झाली नाही. पॉवरलिफ्टिंगमध्ये मात्र हा प्रश्न तीन पंच खुर्च्या टाकून बसून विचारतात.

चार बोटांनी एवढा काय फरक पडतो, असं तुला वाटेल. फार पडतो. उभा असताना तुझा खुबा आणि गुडघा बारच्या सरळ खाली असतात, म्हणून दीडशे किलो खांद्यावर घेऊन नुसतं उभं राहायला फारसं काही लागत नाही. जसजसा खाली जातोस तसतसे गुडघे पुढे सरकतात, खुबा मागे, आणि दोघांचं बारच्या रेषेपासूनचं अंतर वाढत जातं. हँडपंपाचा दांडा लांब तसा जोर जास्त; इथे उलटं आहे, दांडा लांब होतो तो तुझ्याविरुद्ध. मांडी जमिनीला समांतर होते तेव्हा हे अंतर सर्वांत जास्त असतं. तू बरोबर त्या जागेच्या अलीकडून परत येतोस, म्हणजे स्क्वॉटमधला सर्वांत अवघड इंच तू कधी उचललेलाच नाहीस. म्हणूनच पाच महिने अडकला आहेस. १४० च्या वर गेलं की शरीर आणखी थोडं आधी परत फिरतं आणि तू ते 'जमलं' म्हणून वहीत लिहितोस.

दुसरी शंका तुझ्या प्लेट्सवर. मागे मी ज्या जिममध्ये सराव करायचो तिथल्या 'वीस'च्या चार प्लेट्स एका रविवारी स्कूटरवरून भंगारवाल्याच्या काट्यावर नेल्या होत्या. सर्वांत हलकी साडेअठरा भरली, सर्वांत जड एकवीस. बार भरला सतरा. त्याच वजनांवर आम्ही दोन वर्षं एकमेकांना हरवत होतो. तूही एकदा मोजून घे, आणि ज्या प्लेट्स खऱ्या निघतील त्यांवर खडूने खूण कर. स्पर्धेचा बार २० किलोचा, २८ ते २९ मिलिमीटर जाडीचा असतो आणि दोन्ही बाजूंचे अडीच-अडीच किलोचे कॉलर, म्हणजे प्लेट्स अडकवून ठेवणाऱ्या कड्या, वजनात धरतात, म्हणजे रिकामा बारच २५ किलो. प्लेट्सचे रंग ठरलेले असतात: २५ ची लाल, २० ची निळी, १५ ची पिवळी. १२० किलो लावायचे तर एका बाजूला एक लाल, एक निळी आणि एक अडीचची. हे तोंडपाठ असू दे. पहिल्या स्पर्धेत वॉर्मअपच्या गर्दीत बेरीज चुकते. माझी चुकली होती.

आता खरा आकडा काढू. या आठवड्यात मित्राला बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर डोळे येतील असा बसव. खोली पुरी झाली की त्याने "हो" म्हणायचं, त्याआधी वर यायचं नाही. अशा पाच स्वच्छ रेप्स, म्हणजे सलग पाच उठाबशा, कितीवर होतात ते बघ, सहावी झाली नसती असं वाटेल ते वजन. त्या वजनात त्याचाच सहावा भाग मिळवला की एका रेपचा अंदाज येतो. माझा कयास, तू १०५ वर पाच करशील. १०५ चा सहावा भाग साडेसतरा, म्हणजे साडे-एकशेबावीस. हा तुझा आजचा स्क्वॉट. वाईट वाटेल, दोन दिवसांत विसरशील.

त्यामुळे १६० विसर. तीन महिन्यांत १२२.५ चे १३० किंवा १३२.५ झाले, तेही तीन पांढऱ्या दिव्यांसकट, म्हणजे तिन्ही पंचांनी मान्य करून, तर मी पेढे खायला येईन.

खरेदीकडे येऊ. सूट आणि नी रॅप्स यादीतून काढ. आयपीएफच्या नियमांनी क्लासिक गटात गुडघ्याला फक्त स्लीव्ह, म्हणजे ओढून चढवायचे घट्ट मोजे, चालतात. दोन मीटर लांबीचे रॅप्स आणि सूट हे इक्विप्ड गटाचं काम. (आपल्याकडे एकापेक्षा जास्त संघटना स्पर्धा भरवतात, तेव्हा तुझ्या स्पर्धेला कोणाची नियमपुस्तिका लागू आहे ते आयोजकांना आधी विचार. काहींकडे रॅप्स चालतात, काही ठिकाणी बार मागे घेऊन चालावंही लागत नाही.) इक्विप्ड लिफ्टिंगला मी कमी लेखत नाही, ती वेगळी कला आहे. सूटचं ताणलेलं कापड खाली जाताना तुला अडवतं आणि वर येताना ढकलतं. पण त्यात खाली जायलाच जड वजन लागतं, तो चढवायला दोन माणसं लागतात आणि तुझा मूळ आजार खाली न जाण्याचाच आहे. सूट घालून तू आणखी वर थांबशील.

मग आधी बूट. व्हिडिओत खाली जाताना तुझी टाच उचलली जाते आणि बुटाचा तळ एका बाजूला दबतो. ते धावायचे बूट आहेत, त्यांच्या फोममध्ये १४० किलो घेऊन उभं राहणं म्हणजे गादीवर उभं राहून पाट्यावर वाटण वाटण्यासारखं. बार पावलाच्या मध्यावर राहायला हवा, आणि फोम दबला की तो मध्यच हलतो. टाच उचलायची सवय मला चांगली ओळखीची आहे, कारण मी दांडिया बाजारात प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात बैठका मारत वाढलो. बैठकीत टाच उचलतातच, गुडघा पुढे जातो, चवड्यांवर तोल. शेकडो बैठकांनी मांड्या तयार झाल्या, पण बारखाली टाच जमिनीवर टेकवून ठेवायला मला वर्ष लागलं.

आता घोटा तपास. भिंतीकडे तोंड करून एक पाय असा ठेव की अंगठा आणि भिंत यांत दहा सेंटीमीटर अंतर राहील. टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का? लागत असेल तर सपाट तळाचे बूट पुरेत: शाळेच्या पीटीचे पांढरे कॅनव्हास किंवा कुस्तीचे बूट. पाचशे-हजारात काम होतं आणि यात कसलाही कमीपणा नाही. लागत नसेल तर टाचेचे वेटलिफ्टिंग बूट घे, साधारण वीस मिलिमीटर टाच असते. घ्यायच्या आधी टाचांखाली दोन पातळ प्लेट्स ठेवून रिकाम्या बारने बसून बघ. एकदम खोल आणि ताठ बसता आलं तर पैसे सत्कारणी लागतील. काही फरक पडला नाही, तर अडचण घोट्यात नसून खुब्यात किंवा उभं राहण्याच्या रुंदीत आहे. पाय थोडे रुंद, पंजे थोडे बाहेर करून बघ.

बेल्ट घ्यायचाच, पण आज नाही. बेल्ट पाठीला आधार देतो असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं. तो पोटाला भिंत देतो. तू श्वास घेऊन पोट चारही बाजूंनी फुगवतोस, पट्टा ते अडवतो, आतला दाब वाढतो आणि कणा त्या दाबावर ताठ राहतो. श्वास भरताच येत नसेल तर पट्टा फक्त बरगड्यांना टोचेल. पहिले चार आठवडे बेल्टशिवाय कर, आणि प्रत्येक रेपच्या आधी कमरेच्या मागच्या बाजूपर्यंत हवा भरायला शिक. मग असा बेल्ट घे जो पुढून-मागून सारखाच रुंद असेल. नियमात कमाल १० सेंटीमीटर रुंदी आणि १३ मिलिमीटर जाडी चालते. मागे रुंद आणि पुढे निमुळता, तो बॉडीबिल्डिंगचा पट्टा नको, पोट तर पुढे असतं! तुझ्या वजनाला १० मिलिमीटर जाडी पुरते, १३ चा पट्टा पहिले सहा महिने नुसता सोलून काढतो. लिव्हरवाला की बकलवाला? लिव्हर झटकन लागतो, पण कंबर दोन बोटं वाढली की स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसावं लागतं. दिवाळी तोंडावर आहे, बकल घे. नीट घेतलास तर आयुष्यभर पुरतो. माझा वीस वर्षं जुना आहे. फक्त आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, तेव्हा बॅगेत कोंबून ठेवू नकोस, खुंटीवर टांग.

स्लीव्ह शेवटी. नियमात जाडी ७ मिलिमीटरपर्यंत, लांबी ३० सेंटीमीटरपर्यंत. गुडघे गरम राहतात, तळाशी थोडा उसळीचा भास होतो, किलोंच्या हिशेबात फारसं काही मिळत नाही. स्पर्धेत बेल्ट आणि स्लीव्ह मान्यताप्राप्त यादीतल्या कंपनीचेच लागतात का, तेही आयोजकांना विचारून मगच पैसे मोड. आणि धुवून सावलीत वाळव, नाहीतर घरचे तुला बॅगेसकट गच्चीवर झोपवतील. मनगट दुखत असेल तर रिस्ट रॅप्स, एक मीटरच्या आतले. कोपर दुखत असेल तर रॅप्सने थांबणार नाही. तू बार खाली, खांद्याच्या मागच्या स्नायूंवर ठेवतोस, म्हणजे लो बार, पण पकड फार अरुंद आहे. हात बाहेर सरकव, अंगठा बारच्या वर टाक, भार पाठीवर येऊ दे. हातांनी बार फक्त जागेवर दाबून धरायचा. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, दिवसभर मान वर करून पतंग उडवल्यावर दुसऱ्या दिवशी लो बार करून बघ, हात कितपत मागे जातात ते कळेल. मी दर वर्षी १५-१६ जानेवारीला सुट्टी घेतो.

पंचवीस हजारांतले पैसे उरतील. उरू देत.

सरावाचं बोलू. आठवड्यात दोनदा स्क्वॉट, मध्ये किमान दोन दिवस. एक दिवस जड, एक दिवस थांबून. थांबून म्हणजे तळाशी दोन सेकंद खरोखर थांबायचं, मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणत. या एका व्यायामाने तुझं निम्मं काम होईल, कारण थांबायचं तर आधी तिथे पोचावं लागतं, आणि उसळी मारून अवघड इंच चोरता येत नाही. पहिले चार आठवडे जड दिवशी ८५ ते ९० किलो, सहा-सहा रेप्सचे चार सेट. हलकं वाटेल. वाटू दे, प्रत्येक रेप तुझ्या मित्राच्या "हो" पर्यंत गेली पाहिजे. थांबून करायच्या दिवशी ७५ ते ८०, चार रेप्सचे पाच सेट.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात तुझं नवरात्र येतंय. वडोदऱ्यात राहून गरबा सोड असं सांगणारा प्रशिक्षक मला अजून भेटलेला नाही, आणि भेटला तर त्याचं ऐकू नकोस. पण नऊ रात्री अनवाणी फिरल्यावर पोटऱ्या आणि घोटे दगड होतात, झोप चार तासांवर येते, आणि अशात जड स्क्वॉट करणं हा मूर्खपणा मी स्वतः केलेला आहे. गुडघ्याच्या वरची नस दिवाळीपर्यंत धरून बसली होती. त्या नऊ दिवसांत फक्त दोनदा, ७० किलोवर पाच-पाचचे तीन सेट, एवढंच. ही तुझी विश्रांतीच समज.

दसऱ्यानंतर ९५ ते १०० वर चार रेप्सचे पाच सेट, बेल्ट लावून. मग १०५ ते ११० वर तीन आणि दोन रेप्स. या टप्प्यात जड वजनाला तुझं खरं दुखणं दिसेल. वर येताना खुबा आधी उडून छाती मागे राहते का? बहुतेक वेळा श्वास सुटलेला असतो किंवा मांड्या कमी पडतात. थांबून करायच्या दिवशी बार मानेजवळ, हाय बार ठेव, धड सरळ राहतं आणि मांड्यांना पळता येत नाही. गुडघे आत येतात का? वजन पाच किलो कमी कर आणि गुडघे पंजांच्या दिशेने ढकलत वर ये. पट्ट्या, रबरबँड वगैरे सोपस्कार नकोत. रॅकच्या, म्हणजे बार ठेवायच्या स्टँडच्या, सेफ्टी पिना (बार पडला तर अडवणारे आडवे दांडे) मात्र प्रत्येक सेटला लाव, तळाच्या जरा खाली. मागे उभा असलेला मित्र मोबाईलमध्ये कधी बघेल सांगता येत नाही.

दिवाळी बहुधा दहाव्या आठवड्यात. ७४ च्या गटाची मर्यादा ७४ आहे आणि तू बरोब्बर ७४ आहेस. चिवडा-चकलीचं मीठ पाणी धरून ठेवतं, पण ते चार दिवसांत उतरतं. तेव्हा दिवाळी संपल्यावर खाणं नेहमीवर आण, उपास नको. वजन मोजणं स्पर्धेच्या फक्त दोन तास आधी सुरू होतं, त्यामुळे पाणी तोडून वजन उतरवलंस तर बारखाली चक्कर येईल. अर्धा किलो वर राहिलास तर पहिल्या स्पर्धेत पुढच्या गटात खेळ. कोणी मोजत नाही.

शेवटचं जड वजन आठ-दहा दिवस आधी: ११५ किंवा ११७.५ चा एक रेप, पूर्ण हुकुमांसकट. हुकूम घरीच पाठ कर. बार घेऊन मागे ये, दोन किंवा तीन पावलं, पाचवं पाऊल म्हणजे ताकद सांडणं. गुडघे ताठ करून स्थिर उभा राहा. पंच हात खाली आणून "स्क्वॉट" म्हणेल, त्याआधी गुडघा हलवायचा नाही. वर येऊन परत ताठ, "रॅक" ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. जिममध्ये सगळे शेवटची रेप संपवून रॅककडे पळतात, आणि स्पर्धेत याच सवयीने चांगल्या लिफ्ट जातात. रॅकची उंची वजनाच्या वेळी लिहून घेतात. ती अशी सांग की बार उचलायला गुडघे थोडे वाकलेले असतील. चवड्यांवर उभं राहून बार काढावा लागला तर पहिल्याच सेकंदाला तोल गेलेला असतो.

वजनं लिहून देताना मात्र माझं ऐक. एकदा लावलेलं वजन नंतर खाली आणता येत नाही, आणि तिन्ही प्रयत्न गेले तर स्पर्धा तिथेच संपते, बेंच आणि डेडलिफ्ट या पुढच्या दोन प्रकारांची बेरीज होतच नाही. माझ्या पहिल्या राज्य स्पर्धेत मी असाच जिममधल्या आकड्यापासून सुरुवात केली. तीनदा गेलो, तीनदा वर आलो, तीनदा लाल. पंचांवर चिडलो, संध्याकाळच्या गाडीत बसलो आणि भरूच येईपर्यंत कोणाशी बोललो नाही. घरी येऊन कोणीतरी काढलेला फोटो पाहिला. पंच बरोबर होते, आणि फरक चार बोटांचाच होता. म्हणून पहिलं वजन असं लाव की ताप आला असला, झोप झाली नसली तरी ज्याच्या तीन रेप्स निघतील. तुझ्यासाठी ११५, फार तर ११७.५. ते गेलं की एका मिनिटात पुढचं सांगायचं असतं, तेव्हा आधीच कागदावर लिहून ठेव: दुसरं १२५, तिसरं १३०. पहिलं लोण्यासारखं गेलं तर १२७.५ आणि १३२.५. हा कागद तुझ्या खिशात नको, बरोबर आलेल्या मित्राच्या खिशात असू दे, कारण त्या मिनिटाला तुझ्या डोक्यात १६० शिरलेले असतील.

चार आठवड्यांनी परत व्हिडिओ पाठव. फक्त या वेळी मोबाईल बरोबर बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर ठेव, एखाद्या बाकावर किंवा प्लेट्सच्या थप्पीवर. मागच्या वेळी तू तो समोरून तिरका, जमिनीवर ठेवला होतास. जमिनीवरून बघितलं की लांबचा खुबा जवळच्या गुडघ्यापेक्षा खाली दिसतो. तसं दिसूनही तू चार बोटं वर होतास.